गायरानावर सौर प्रकल्प येतो आहे, पण दिवस मावळल्यावर काय?

माणकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचा मी सदस्य आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये आमच्या गायरानापैकी सुमारे वीस एकर जमीन पाच मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी मागण्यात आली आहे. प्रकल्पाची वीज चार किलोमीटरवरच्या ३३ केव्ही उपकेंद्रात जाईल आणि तेथून निघणाऱ्या शेती फीडरवरील (शेतीसाठीच्या वीजवाहिनीवरील) पंपांना ती दिवसा मिळेल, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. जमीन सरकारी असल्याने तिचे भाडे गावाच्या पदरात पडणार नाही. मात्र योजनेप्रमाणे ग्रामपंचायतीला सार्वजनिक कामांसाठी वर्षाला पाच लाख रुपये, असे तीन वर्षे मिळतात. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ आहे, त्यामुळे ज्यांचे मुरमाड रान पडून आहे त्यांना आपला नंबर का लागला नाही याची रुखरुख आहे, पण तो विषय येथे नको.

ग्रामसभा अडीच तास चालली. सत्तरी ओलांडलेल्या एका मेंढपाळ आजोबांनी विचारले, "दिवस मावळल्यावर ह्या काचा काय कामाच्या?" सभेत हशा पिकला, पण उत्तर कोणालाच देता आले नाही, मलाही नाही. घरी आल्यावर तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, म्हणून येथे लिहितो आहे.

सौर वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते आणि कोळशाची नवी वीज त्याहून बरीच महाग आहे, असे असताना राज्य कोळशाची वीज नव्याने का विकत घेते आहे? गावठाणात संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत वीज हमखास जाते. हा प्रकल्प झाल्यावर ती जायची थांबेल का? आणि ज्या गायरानावर आज चारशे-पाचशे मेंढरे चरतात, ते कुंपणाच्या आत गेल्यावर त्या कुटुंबांनी कोठे जायचे? शेवटचा प्रश्न ऊर्जेचा नाही असे कोणी म्हणेल, पण आमच्या सभेत सर्वांत जास्त वेळ त्यानेच घेतला. ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी कृपया समजेल अशा भाषेत सांगावे.

पन्नासहर्ट्झ

आजोबांना माझा नमस्कार सांगा. भार प्रेषणाच्या, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळवण्याच्या, कामात मी एकोणीस वर्षे काढली आणि त्या सर्व वर्षांत आमच्यापुढे फिरून फिरून हाच प्रश्न येत राहिला, फक्त आम्ही तो आलेखांवर मांडत होतो.

विजेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले की बाकीचे समजायला सोपे जाते. ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी ती कोठेतरी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली तर ग्रिडची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजजाळ्याची, वारंवारता पन्नास हर्ट्झच्या खाली घसरू लागते, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ती ठेवायची असते आणि त्यासाठी राज्याच्या भार प्रेषण केंद्रात दिवसरात्र माणसे बसलेली असतात. म्हणून "युनिट किती रुपयांचे" या प्रश्नाला "किती वाजताचे" ही जोड दिल्याशिवाय अर्थ नाही. दुपारी साडेबाराचे युनिट आणि संध्याकाळी साडेसातचे युनिट हे एकाच नावाचे दोन वेगळे जिन्नस आहेत. बाजारात सकाळी अकराला आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मोगऱ्याचा भाव एक नसतो, तसेच काहीसे.

आपल्या राज्याची उन्हाळ्यातील कमाल मागणी तीस हजार मेगावॅटच्या आसपास जाते. दुपारी चारनंतर सौर निर्मिती उतरू लागते आणि सातपर्यंत शून्यावर येते. नेमक्या त्याच तीन तासांत घराघरांतले दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे आणि दुकाने सुरू होतात. एका बाजूने पुरवठा ओसरतो आणि दुसऱ्या बाजूने मागणी चढते, ती दरी कोणीतरी भरावी लागते. आज ती प्रामुख्याने कोळसा भरतो, काही अंशी कोयना भरते आणि उरलेले बाजारातून विकत आणले जाते.

येथे एक गोष्ट सामान्य ग्राहकाला सहसा सांगितली जात नाही. कोळशाचा संच, म्हणजे बॉयलर आणि त्याच्या वाफेवर फिरणारे जनित्र, सकाळी अकराला बंद करून संध्याकाळी सहाला बटण दाबून चालू करता येत नाही. पूर्ण थंड झालेला संच पुन्हा भारावर आणायला दहा-बारा तास लागू शकतात. म्हणून दुपारी ऊन भरपूर असतानाही तो संच किमान पातळीवर, म्हणजे क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांवर, जळत ठेवला जातो, कारण संध्याकाळी तो लागणारच असतो. ही पातळी टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावी, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या नियमांत घातले आहे. २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर, स्रोतांची झाली, ही बातमी आपण वाचली असेल आणि ती खरी आहे. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांचा हिशेब केला तर दहापैकी सुमारे सात युनिटे अजून कोळशाचीच निघतात. क्षमता म्हणजे पातेल्याचा आकार. त्यात भात किती शिजला ते वेगळे मोजावे लागते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. राज्याने २०२४ मध्ये ५,००० मेगावॅट सौर आणि १,६०० मेगावॅट औष्णिक अशी एकत्रित खरेदीची निविदा काढली होती. त्यात सौर विजेचा दर २ रुपये ७० पैसे निघाला आणि एकत्रित दर ४ रुपये ८ पैसे. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे सूर्य मावळल्यानंतरची किंमत, असे मी ढोबळमानाने म्हणेन.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र आपली निराशा करावी लागेल. गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर बहुतेक ठिकाणी वेगळे केलेले आहेत. संध्याकाळी सात ते नऊ नेमाने वीज जात असेल, तर राज्यात वीज कमी पडली हे त्याचे कारण असण्याची शक्यता कमी आहे; बहुधा गावातल्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार आहे. किती केव्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा, डीपी आहे आणि त्यावर किती जोडण्या आहेत हे एकदा मोजून पाहा.

माणकाठ

आपले उत्तर वाचून आज सकाळीच डीपीपाशी जाऊन आलो. पाटीवर ६३ केव्हीए लिहिले आहे. गेल्या पाच वर्षांत गावात तीन गिरण्या, एक शीतपेयांचे दुकान आणि न मोजण्याइतके पाणी तापवण्याचे रॉड वाढले, डीपी मात्र तोच आहे. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार पिळून बसवलेली दिसली. म्हणजे आम्ही भलत्याच दारात ताटकळत होतो.

निवृत्त संचचालक

पन्नासहर्ट्झ यांनी लिहिले ते बरोबर आहे, पण ते नियंत्रण कक्षातून दिसणारे चित्र आहे. मी तेहतीस वर्षे बॉयलरच्या बाजूला होतो, तेव्हा खालच्या मजल्यावरून काय दिसते तेही सांगतो.

शाळेच्या पुस्तकात कोळशाची मुख्य अडचण "तो एक दिवस संपणार आहे" अशी लिहिलेली असते. माझ्या मते ही त्याची सर्वांत लहान अडचण आहे. आपल्या देशात कोळसा पुष्कळ आहे. अडचण आहे ती तो रोज आणण्याची, जाळण्याची आणि जाळून जे उरते ते ठेवण्याची. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर चालवला तर एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या जरा आत कोळसा लागतो. म्हणजे ताशी सव्वातीनशे टनांहून अधिक आणि दिवसाला सुमारे आठ हजार टन. मालगाडीच्या एका रेकमध्ये चार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो, तेव्हा एका संचाला रोज दोन रेक लागल्या. सात संचांचे केंद्र असेल तर रेल्वेचा एक दिवसाचा घोळ म्हणजे काय ते आपणच ठरवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील अनेक केंद्रांत चार दिवसांपेक्षा कमी साठा उरला होता. खाणींत कोळसा नव्हता असे नाही. पावसाने खाणींत पाणी भरले, मागणी एकदम वाढली, आयात कोळसा महागला आणि मालगाडीच्या वाघिणी वेळेवर मिळाल्या नाहीत, अशा चार गोष्टी एकाच वेळी आल्या.

त्यातून आपला कोळसा राखाळ. शंभर किलो जाळला की पस्तीस ते चाळीस किलो राख उरते. आठ हजार टनांची राख तीन हजार टन होते, आणि ती रोजची आहे. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये चिकटून बसतो, खाली बॉयलरकडे कोळसा सोडणाऱ्या यंत्रात उतरतच नाही. मग माणसे वर चढून लांब सळयांनी तो ढोसत राहतात, तोवर भार घसरतो, ज्वाला अस्थिर होते आणि ती विझू नये म्हणून तेल फवारावे लागते. त्या तेलाचा खर्च शेवटी कोणाच्या तरी बिलात जातोच.

पाणीही लागते, हे लोक विसरतात. जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घालून दिलेली आहे. त्या मर्यादेत राहूनसुद्धा ५०० मेगावॅटचा संच दिवसाला सव्वाचार कोटी लिटर पाणी घेतो. परळीचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. कोळसा होता, संच धडधाकट होते, माणसे हजर होती. माण तालुक्यातल्या माणसाला पाण्याचा हा हिशेब मी वेगळा समजावून सांगायला नको.

आता सौर ऊर्जेवाल्यांना एक शब्द. आमचे संच एका पातळीवर वर्षानुवर्षे चालण्यासाठी घडवलेले होते. आता त्यांना रोज सकाळी खाली बसवायचे आणि रोज संध्याकाळी वर उठवायचे. प्रत्येक वेळी जाड पोलादाचे नळ आणि हेडर तापतात, निवतात, पुन्हा तापतात, आणि त्यांचे आयुष्य झिजते. भार कमी असताना एका युनिटमागे कोळसाही जास्त जळतो. ही झीज सौर युनिटाच्या तीन रुपयांत कोठेच दिसत नाही, आमच्या देखभालीच्या खात्यावर दिसते, आणि मग सगळे म्हणतात की औष्णिक वीज महाग आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले ते आपण पाहिलेच आहे. फिरणारी जड यंत्रे ग्रिडवरून काढून टाकली की असे होते.

पन्नासहर्ट्झ

साहेब, झिजेबद्दलचे आपले म्हणणे पूर्ण मान्य. स्पेनच्या बाबतीत मात्र जरा थांबावे. तेथील सरकारच्या अहवालात मूळ कारण म्हणून व्होल्टेज आवाक्याबाहेर वाढणे आणि ते रोखण्याची पुरेशी व्यवस्था नसणे हे दिले आहे. केवळ ऊन जास्त होते म्हणून ग्रिड कोसळले असे त्यात म्हटलेले नाही. ज्या पारंपरिक केंद्रांकडून व्होल्टेज सावरण्याची अपेक्षा होती त्यांनीही ते पुरेसे सावरले नाही, असेही त्यात नोंदवले आहे. आपल्यासाठी त्यातील धडा वेगळा आहे: सौर प्रकल्पांच्या इन्व्हर्टरकडून (पट्ट्यांची वीज ग्रिडला चालेल अशी करणाऱ्या यंत्रांकडून) व्होल्टेज सांभाळण्याचे कामही करून घेतले पाहिजे, आणि ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे.

राखरांगोळी

मी विदर्भात एका औष्णिक केंद्राच्या शेजारच्या गावात राहतो, केंद्राचे नाव लिहिण्याची गरज नाही. साहेबांनी "रोज तीन हजार टन राख" असे लिहिले ते कागदावर किती स्वच्छ दिसते! आमच्याकडे वाळत घातलेले धोतर संध्याकाळी काढताना आधी झटकावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत राखेच्या बंधाऱ्यावरचे पाणी आटते आणि दुपारचा वारा सुटला की पांढरट पडदा उठतो. आमची आजी पापड वाळवायला तीन किलोमीटरवर मामाच्या गावी पाठवत असे. त्यातली बरीच राख आता सिमेंटच्या कारखान्यांत आणि रस्त्यांच्या भरावात जाते हे खरे आहे, नाहीतर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. सल्फर डायऑक्साइड आवरण्याची यंत्रे बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दहा वर्षे वाट पाहिलेल्या माणसांना ही बातमी कशी वाटली असेल ते सांगत बसत नाही.

तरीही केंद्र उद्या बंद करा असे मी म्हणणार नाही. माझा भाऊ तेथे कंत्राटी कामगार आहे, गावातली निम्मी दुकाने त्या पगारावर चालतात, आणि सौर पट्ट्या येथे आल्या तर त्या पुसायला चार माणसे पुरतील. केंद्र बंद झाले तर त्या माणसांचे काय, याचा आराखडा आधी दाखवा आणि मग बंद करा.

माणकाठ यांना एवढेच सांगायचे आहे की वीस एकर गायरान हा लहान प्रश्न समजू नका आणि कोणाला समजूही देऊ नका. ऊन, वारा, पाणी यांची नवीकरणीय ऊर्जा म्हणजे कोणाचे काही न घेणारी ऊर्जा, हा समज आपल्याच राज्यात शंभर वर्षांपूर्वी खोटा ठरला आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो जलविद्युत प्रकल्पासाठीच्या धरणाविरुद्ध होता, आणि कोयनेचे धरणग्रस्त धरण होऊन साठ वर्षे उलटल्यावरही आपल्या मागण्या घेऊन बसलेलेच आहेत.

पाचएचपी

आमच्या फीडरला सौर प्रकल्पाची वीज सुरू होऊन आता वर्ष झाले, त्यामुळे अनुभवाचे चार शब्द लिहितो.

आधी काय होते ते सांगितल्याशिवाय नंतरचे समजणार नाही. आलटून पालटून दिवसा आठ तास आणि रात्री दहा तास अशी थ्री फेज वीज यायची. रात्रपाळीत साडेअकराला उठायचे, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरे, आणि उसात पाण्याचे बारे मोडत फिरायचे. बिबट्याच्या भीतीने आम्ही दोघे-तिघे मिळून जायचो आणि मोबाइलवर मोठ्याने भजने लावायचो. घरच्यांना झोप लागायची नाही ती वेगळीच. आता सकाळी नऊच्या सुमारास मोटार चालू होते आणि संध्याकाळी पाचच्या आत मी घरी असतो. व्होल्टेजही चांगले मिळते, कारण वीज जवळून येते. गेल्या वर्षात माझी मोटार एकदाही जळाली नाही, पूर्वी वर्षाला एकदा तरी रिवाइंडिंगला जायचीच. ज्या माणसाने रात्री बारे दिले नाहीत त्याला या गोष्टीची किंमत रुपयांत सांगता येणार नाही.

पण एक गोष्ट ग्रामसभेत आधीच बोलून घ्या. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल २०२४ पासून माफ आहे, वीज दिवसा आहे, झोपेचे खोबरे होत नाही. मग मोटार बंद कोण करणार? आमच्याकडे दोन उन्हाळ्यांत विहिरींची पातळी जी खाली गेली, तिचा सगळा दोष प्रकल्पाला देता येणार नाही, पाऊसही कमी होता. तरी पूर्वी रात्रीचा कंटाळा हाच पाण्याचा पहारेकरी होता हे आम्हाला उशिरा कळले. आमच्या भावकीतल्या सात विहिरींनी मिळून आता ठिबकशिवाय ऊस लावायचा नाही असे ठरवले आहे. पाळतात पाच जण.

आणखी एक गैरसमज आमच्या गावात होता, तो तुमच्याकडेही असणार. प्रकल्प गावात आहे म्हणजे सगळीकडची लाइट गेली तरी आपली चालू राहील, असे आम्ही धरून चाललो होतो. गेल्या जूनमध्ये वादळात वरची लाइन तुटली, ऊन कडक पडले होते आणि प्रकल्प मात्र बंद. लोक जाब विचारायला निघाले होते. तेथल्या मुलाने समजावून सांगितले ते मला नीट कळले नाही, कोणी तरी येथे सांगावे.

पन्नासहर्ट्झ

त्या मुलाने बरोबरच सांगितले असणार. हे इन्व्हर्टर ग्रिडच्या तालावर चालतात. वरून ताल थांबला की ते क्षणात स्वतःला बंद करून घेतात आणि तसे त्यांनी करणे सुरक्षेसाठी बंधनकारक आहे. तुटलेली तार जोडायला वायरमन खांबावर चढतो. खालून प्रकल्प त्या तारेत वीज सोडत राहिला तर तो जिवानिशी जाईल. हीच व्यवस्था छतावरच्या साध्या सौर संचालाही लागू आहे, म्हणून बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर छतावरचा संचही बंद पडतो. उलट बाजूने, ढगाळ दिवशी प्रकल्पाची निर्मिती घसरली तरी फीडरला ग्रिडमधून वीज मिळत राहते, त्यामुळे तुमचा पंप केवळ ढगामुळे थांबत नाही. नऊ ते पाच ही वेळ उन्हाच्या हिशेबाने ठरवली आहे, पण पंपाच्या तारेतून येणारी वीज कोठली हे तारेला ठाऊक नसते.

आता आजोबांच्या प्रश्नाचा राहिलेला अर्धा भाग. दुपारची वीज संध्याकाळी कशी न्यायची? माझ्या दृष्टीने यापुढचा खरा पेच हाच आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्या सह्याद्रीतच उभे आहे. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथे कड्याच्या वर एक जलाशय आहे आणि कड्याच्या पायथ्याशी दुसरा, मध्ये चारशे मीटरहून अधिक उतार. वीज मुबलक असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून १२५ मेगावॅटची दोन यंत्रे फिरवायची. तेच पाणी वर-खाली फिरत राहते. चार युनिटे खर्च करून तीन परत मिळतात, तरीही तो व्यवहार परवडतो, कारण दुपारची चार आणि संध्याकाळची तीन यांच्या भावात मोठे अंतर आहे. घाटघर २००८ मध्ये सुरू झाले तेव्हा ते रात्रीच्या उरलेल्या विजेवर पाणी चढवण्यासाठी कल्पिलेले होते; आता त्याच जागेला दुपारच्या उन्हाचे काम मिळते आहे, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. अशा अनेक नव्या प्रकल्पांचे करार राज्याने केले आहेत, आणि त्यातील बरीच ठिकाणे पश्चिम घाटातील जंगलांत आहेत. राखरांगोळी यांचा मुद्दा तेथेही उभा राहणार, यात शंका नाही.

कोयनेकडे लोक हमखास बोट दाखवतात. १,९६० मेगावॅटचे हे केंद्र काही मिनिटांत भार उचलते, संध्याकाळसाठी त्यासारखा आधार नाही. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि एकदा ते पाणी पोफळीला उतरून वाशिष्ठीत गेले की कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ते परत मिळत नाही. म्हणून कोयना जपून वापरावी लागते. बॅटऱ्या वेगाने स्वस्त होत आहेत आणि दोन-चार तासांची दरी त्या भरू लागतील असे मला वाटते. मात्र आषाढात सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही तर बॅटरी भरणार कशाने? त्या दिवसांत वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या जोरात फिरत असतात, हे आपले नशीब. आपल्याकडे वारा पावसाळ्यात असतो आणि ऊन इतर आठ महिने, त्यामुळे दोन्ही मिळून वर्ष बरेचसे भरून निघते.

निवृत्त संचचालक

नैसर्गिक वायूचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी वायूवरची केंद्रे सर्वांत सोयीची, झटपट चालू होतात, राख नाही. आपल्याकडे दाभोळला ती उभी आहेत आणि उरणलाही आहेत. दाभोळचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर (खनिज तेलापासूनच्या इंधनावर) सुरू झाला, दर न परवडल्याने मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणे थांबवले, नंतर सरकारी कंपनीने ते केंद्र हाती घेतले, आणि पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन घसरले. यंत्र आपल्या दारात आणि इंधन दुसऱ्याच्या हातात, अशी ती कथा आहे. सौर पट्ट्यांचे आणि बॅटऱ्यांचे कच्चे साहित्य चीनमधून येते तेव्हा मला दाभोळ आठवते. पन्नासहर्ट्झ म्हणतील की पट्टी एकदा आणली की पंचवीस वर्षे चालते, वायू रोज लागतो. तेही खरे आहे.

माणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या ग्रामसभेत काय मांडायचे ते आता बरेचसे स्पष्ट झाले आहे. डीपीची क्षमता वाढवण्याची मागणी वेगळ्या ठरावाने करायची, ती प्रकल्पाशी जोडायची नाही. आमच्या शेती फीडरवरील पंपांची संख्या आणि अश्वशक्ती काढली. पाच अश्वशक्तीचे साधारण हजार पंप एकाच वेळी चालले तर पावणेचार मेगावॅट होतात, तेव्हा पाच मेगावॅटचा आकार आमच्या गरजेच्या मानाने ठीक दिसतो. विहिरींची पातळी दर तीन महिन्यांनी मोजून चावडीवर लिहायची, हे पाचएचपी यांच्या अनुभवावरून सुचले.

दोन गोष्टी राहिल्या. पंचवीस वर्षांनी या काचा कोण उचलणार? आणि कुंपणाच्या आत मेंढरे चरू देण्याची अट घालता येईल का?

पन्नासहर्ट्झ

ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम सौर पट्ट्यांनाही लागू आहेत, पण नियम आहे म्हणून आपल्या गायरानावरून कोणी आपोआप पट्ट्या उचलून नेईल, असे समजू नका. मुदत संपल्यावर पट्ट्या, लोखंडी सांगाडे आणि जमिनीतले काँक्रीट काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कोणाची, हे भाडेपट्ट्यात नावानिशी लिहिलेले आहे का ते वाचा, आणि नसेल तर ठरावात तसे मागा. धुण्यासाठी पाणी कोठून आणणार हेही विचारा. आपल्याकडे टँकरने पाणी येत असताना पट्ट्या धुण्यासाठी बोअर घेतली तर गावात भांडण ठरलेले आहे. कोरड्या ब्रशनेही सफाई होते.

मेंढरांच्या बाबतीत पाचएचपी अधिक सांगू शकतील.

पाचएचपी

आमच्याकडे तोंडी परवानगी आहे, लेखी नाही, आणि ती मिळवायला चार महिने गेले. पट्ट्यांच्या सावलीत गवत उशिरापर्यंत हिरवे राहते. प्रकल्पवाल्यांनाही ते कापावे लागतेच, कारण उंच वाढले की पट्टीवर सावली पडते आणि वाळले की वणव्याची भीती. मेंढरे आत गेली की त्यांचा कापणीचा खर्च वाचतो. फक्त पट्टीची खालची कड जमिनीपासून किमान तीन फूट ठेवायला सांगा. सांगाडे एकदा रोवले की मग कोणी ऐकत नाही. आणि ठरावात "जनावरे" असा शब्द घालू नका, "मेंढ्या" असाच लिहा. आमच्या येथे पहिल्या आठवड्यात कोणीतरी शेळ्या सोडल्या होत्या. त्या पट्ट्यांवर चढल्या आणि दोन ओळींच्या केबली कुरतडून आल्या.